मूठ आली तरी मी नाय म्हटलं

बायांनो, कर्जतच्या दवाखान्यातनं आत्ताच आले नि आधी हे लिहायला बसले. जिला वाचता येतं तिनं बाकीच्यांना वाचून दाखवा.

सकाळी आमच्या म्हाताऱ्याचं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं. भूल दिलेली, अंग कणकेच्या गोळ्यासारखं ढिलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, यांचा हात धरून बसा. घट्ट मूठ आवळली की सांगा. तोवर पाण्याचा थेंब देऊ नका, घशात अडकेल."

त्या मुठीची पारख माझ्याएवढी कुणाला? चाळीस वर्षं माझी वेणी तिच्यात होती.

तासाभरानं त्यानं डोळे उघडले. "पाणी," म्हणाला.

"अवो, आवळा मूठ."

आवळली. माझी बोटं दुखली.

कंपाउंडर दारातनं डोकावला. "काय आजी, आली का ताकद?"

"नाय रं. लोण्यासारखा हाय हात."

म्हातारा बघत राहिला. जीभ जड, त्या एका शब्दापुढं बोलता येईना. नुसती बोटं आवळायचा, सोडायचा, परत आवळायचा. त्या हातानं माझ्याकडं पहिल्यांदाच काही मागितलं. मी दुसऱ्या हातानं तांब्या उचलला नि त्याच्यासमोर गटागटा प्याले.

कंपाउंडरनं परत विचारलं, तरी नायच म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं, ते पण बसून कंटाळा आला म्हणून.

भूल उतरतानाचं म्हाताऱ्याला काय पण आठवत नाय, कंपाउंडरनं सांगितलं तेवढंच. मी निघाले तर थोरल्याला सांगत होता, "तुझ्या आयशीनं माझा हात एकदा पण सोडला नाय रं."

सांगा गं, उद्या त्याला खरं सांगू, का राहू दे असंच?