काकू चहा घेऊन आल्या

हडपसरला आमच्या शेजारचा फोटोवाला न्हाणीघरात लाल दिवा लावून काळेपांढरे फोटो धुवायचा. लोक कॉम्प्युटरकडे वळले, हा तिथेच.

“अहो, आंघोळ कधी करता?” मी विचारायची.

“फोटो वाळले की.”

पुढे त्या फोटोंचा कागद बाजारात मिळेना. शेवटचे पाच उरलेत, हे त्याने मला दोनदा सांगितलं होतं. तरी मी चहा घेऊन सरळ दार उघडलं. उजेड लागला की तो कागद काळा पडतो. पाचही धुवायला काढलेले, सगळे गेले.

त्याने कप घेतला. “साखर कमी आहे, काकू.”

नंतर त्याच्या फोटोंच्या प्रदर्शनाला त्याने मला हट्टाने नेलं. भिंतीवर पाच काळेकुट्ट कागद, चौकटीत बसवलेले. खाली नाव होतं: ‘काकू चहा घेऊन आल्या’.