बर्फावर अनवाणी

कॉलेजात असताना मी जळगावहून हिमालयातल्या ट्रेकला गेले होते. चौथ्या दिवशी बर्फाचा पहिला चढ समोर आला, थेट आभाळापर्यंत पांढरा. माझा धीर सुटला. खाली परत जाते, असं गाइडला सांगायला मी निघाले.

पुढे आमच्या गटातले चोपड्याचे एक शेतकरी आबा होते. त्यांनी बूट काढून काखेत घेतले आणि ते अनवाणी बर्फावर गेले.

“आबाजी, जूते पहनो!” गाइड ओरडला.

“कापूसवर जोडा घालीसन कोनी चालस का?” आबा म्हणाले.

घरात भरलेल्या कापसावर चपला न्यायच्या नाहीत, ही त्यांच्याकडची रीत. चार पावलांत पाय बधिर झाले, तेव्हा हसत त्यांनी बूट चढवले.

मी गाइडकडे जायचं सोडून दिलं. आबांच्या मागून चढले. त्यांच्या पायांची बोटं बर्फात उमटली होती. त्यांवर बूट पडू नये म्हणून मी कडेने गेले.