पेव हुडकणारा

निजामाच्या राज्यात मी सून होऊन निर्ण्याला आले, तेव्हाची गोष्ट. अंगणाखाली कुठंतरी धान्याचं जुनं पेव होतं, तोंड बुजलेलं. ते सापडल्याशिवाय माझ्या नव्या खोलीचा पाया घालायचा नाही, असा सासूबाईंचा हुकूम होता.

म्हणून तो पेव हुडकणारा आला. नाव कुणी विचारलं नाही. त्यानं मोहरी पसरलेली दोन ताटं लांब-लांब ठेवली, पालथा पडून मातीला गाल लावला आणि एक डोळा मिटून मला म्हणाला, "अक्का, ह्या ताटापाशी मार उडी."

मी तेव्हा स्वतःला मोरपीस समजत होते. चवड्यांवर अलगद उडाले. दोन्ही ताटांत मोहरी ढिम्म.

"समदं अंगणच पोकळ हाय," तो सासूबाईंना म्हणाला. "हितं खोली व्हत न्हाई."

माझी खोली चालली! मी पदर खोचला आणि अशी आदळले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. जवळच्या ताटात मोहरी नाचली, पलीकडच्या ताटात दाणा हलला नाही.

"मधी पेव हाय. धक्का पोकळीपाशी अडायलाय," तो मिशीतली माती झाडत म्हणाला. "खोली अलीकडं बांधा." जाताना मला असं न्याहाळलं, जसा सुतार चांगला हातोडा न्याहाळतो. "अव्वा, संतपुरात लई पेवं हुडकायची हायती. सुनंला धाडताव का?"

"ने की," सासूबाई म्हणाल्या. "पन खोली व्हायच्या आत परत आण."