दुसऱ्यांदा निघालेला माणूस

कॅन्सर परत आला तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, आता उपचार नकोत, सगळं देवावर सोडलं आहे. वाक्य इतकं सोज्वळ होतं की कुणाला वाद घालता येईना. ह्यांनी माझी फाईल उचलून कपाटात ठेवली. खरं तर मी घाबरले होते. पहिल्या वेळच्या त्या ओकाऱ्या, तोंडातले फोड, भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाणं, सगळं अंगाला आठवत होतं.

त्याच आठवड्यात कोपरीहून माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या आणि मला डोंबिवलीतल्या आमच्या गणपतीच्या देवळात कीर्तनाला ओढून घेऊन गेल्या. बुवा नवे होते. पूर्वरंग झाला, नामाचा गजर झाला, बुवांना हार घालून बुक्का लावला. आता आख्यानात पुराणातली एखादी ओळखीची गोष्ट येणार म्हणून मी खुर्चीत मागे टेकले. तर बुवांनी सुरू केलं ते चक्क एका ऑस्ट्रेलियन लष्करी अधिकाऱ्याचं चरित्र!

"अगं, हा कुठला संत?" जाऊबाई कानाशी कुजबुजल्या.

मेंढ्या पाळणाऱ्या घरातला मुलगा. पहिल्या महायुद्धात हौसेने भरती झाला, लढता लढता अधिकारी झाला आणि फ्रान्सच्या चिखलात खांद्यात गोळी घेऊन घरी परतला. लग्न केलं, पुन्हा मेंढ्या राखल्या. झोपेत ओरडून उठायचा, ते बायकोने वर्षानुवर्षं निभावून नेलं. केस पिकले आणि दुसरं महायुद्ध आलं. त्याने परत गणवेश चढवला. सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या कैदेत गेला आणि तिथे आपल्या वाटणीचा भात हाताखालच्या आजारी पोरांना भरवत राहिला.

"मंडळी," बुवा म्हणाले, "पहिल्यांदा निघाला तेव्हा त्याला युद्ध ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा सगळं ठाऊक होतं! भीती होती, तरी गणवेशाची बटणं लावली. देवा, मी निघालो, पुढचं तू बघ, म्हणाला. घरीच बसला असता, तर देवाने बघायचं तरी काय?"

मला रडू आवरेना. जाऊबाईंनी नुसता माझा हात धरून ठेवला.

आरतीनंतर बुवांच्या पाया पडताना मी विचारलं, "आमच्या जाऊबाई तुमच्याशी काही बोलल्या होत्या का?"

"नाही हो ताई. आज दुसरंच आख्यान ठरवून आलेलो. गजर चालला होता आणि हा माणूस डोळ्यांपुढे आला. का, ते मलाही सांगता येणार नाही."

मी जास्त खोदलं नाही. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "उद्या डॉक्टरांना फोन लावा." हे लगबगीने आत गेले. बऱ्याच वेळाने चहा घेऊन बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

आता ठाण्याला उपचार सुरू आहेत. केस पुन्हा गेले. बरी होईन की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. भीती आहेच. पण देवावर सोडलं म्हणत मी देवालाच पाठ दाखवत होते, हे त्याने मला वेळेवर कळू दिलं, आणि त्यासाठी मी त्याची ऋणी आहे. इस्पितळात जायच्या दिवशी दिवा लावते. काही मागत नाही. "निघाले रे," एवढंच सांगते आणि चपला घालते.