उभ्या पिकाचं शेत

वातिनीच्या शेताची मोजणी काल झाली नाही. बातमी पक्की आहे... तिच्या आईने व्हिडिओ कॉलवर सांगितली आणि थोड्याच वेळात आलेल्या तिच्या भावाच्या चिडलेल्या व्हॉइस मेसेजने दुजोरा दिला.

शेत आहे इंडोनेशियात, जावा बेटावरच्या एका लहानशा गावात. आम्ही मात्र शारजात, अल नहदाच्या टॉवरमध्ये... बाल्कनीतून खाली बघितलं की दुबईकडे निघालेल्या गाड्यांची रांग.

वातिनी आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या आजींना सांभाळते. आजी मूळच्या मावळातल्या, मराठीशिवाय दुसरं काही बोलणार नाही हा त्यांचा हट्ट. त्यामुळे वातिनी आता झकास मराठी बोलते, मध्येच एखादं अरबी ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’, टाकून.

गेल्या आठवड्यात तिच्या मोठ्या भावाचा, यांतोचा फोन आला. शहरातला एक माणूस रिसॉर्टसाठी जमीन बघतोय, रविवारी मोजणीला येतोय, आईला सही करायला सांग. शेत आईच्या नावावर, आणि आई वातिनीला विचारल्याशिवाय कागदाला हात लावत नाही.

यांतो वाईट माणूस नाही. कंबर दुखते, उंदीर पीक खातात, खत वेळेवर मिळत नाही. गावातली तरणी मुलं-मुली कारखान्यात, मलेशियात, हाँगकाँगला... घरांना चकचकीत टाइल्स लागल्यात आणि आत फक्त म्हातारी माणसं. हे सगळं वातिनी स्वतःच सांगते, काही लपवत नाही.

पण म्हणून विकायचं, हे तिला मान्य नाही. इथलं काम संपलं की परत जायचं, भात करायचा, बांधाकडच्या तुकड्यात छोटे कांदे लावायचे, आणि गावातल्या बायकांना घेऊन एक लहानशी भातगिरणी. परदेशात आली ती याचसाठी.

“शेतीचं एवढं प्रेम आहे तर तू तिकडे काय करतेस?” यांतोने फोनवर विचारलं. तिने फोन ठेवला. त्यानंतर किचनमधून भांड्यांचा बराच आवाज येत होता, असं आजींनी मला सांगितलं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेले, तेव्हा हाच विषय. आजींचा मुलगा महेश समजुतीच्या सुरात म्हणाला, “वातिनी, जरा प्रॅक्टिकल हो. त्या गावात फ्यूचर काय आहे?”

“तुझं रे काय फ्यूचर?” आजी म्हणाल्या. “रोज त्या गाड्यांच्या रांगेत जाऊन बसणं?”

वातिनी कपबशा उचलत होती. ती थांबली. “दादा, फ्यूचर नाही तर तो माणूस विकत कशाला घेतोय?”

महेशने बिस्किट उचललं... आणि चहात बुडवलं.

मग तिने आम्हाला तिच्या गावाची एक रीत सांगितली. तिथे उभ्या पिकाचं शेत कोणी विकत नाही. लावणीला घरटी एक माणूस येतो, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. आपल्याकडची इर्जिकच ही. अख्ख्या गावाने हात लावलेलं रोप उपटून जमीन विकली, तर पुढच्या वेळी तुमच्या दारात कोणी फिरकत नाही. अगदी लग्नाला सुद्धा.

तिचं शेत मात्र रिकामं होतं. यांतोने यंदा रोपंच टाकली नव्हती.

“रिकामं आहे म्हणून मोजतील,” वातिनी म्हणाली. “खलास. रिकामं ठेवायचं नाही.”

आईने घरोघर जाऊन उरलेली रोपं मागून आणली. शेजारणीने पाटाच्या पाण्याची तिची पाळी देऊन टाकली. शेत आधीच नांगरून पडलेलं होतं, चिखलणीला कोणाचा तरी पॉवर टिलर आला.

शनिवारी इकडे आजींच्या घरी सकाळचा चहा चालला होता, तिकडे ऊन चांगलंच वर आलं होतं. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. पडद्यावर वाकलेल्या बायका, डोक्यावर बांबूच्या टोप्या, चिखलात मागे मागे सरकत लावणी चाललेली.

आजी चष्मा लावून पुढे सरसावल्या. “अगं ए, ओळ वाकडी जातेय! कडेची ती लाल ब्लाउजवाली... सांग तिला!”

वातिनीने खरंच सांगितलं. लाल ब्लाउजवालीने फोनकडे बघून तिच्या भाषेत काहीतरी सुनावलं आणि सगळा बांध हसला.

“काय म्हणाली गं?”

“म्हणाली, आजींना इकडे पाठवा. एक ओळ त्यांची.”

रोपं चार घरांची, त्यामुळे शेत एका रंगाचं दिसत नव्हतं. कुठे गडद हिरवं, कुठे पोपटी, जणू ठिगळं लावलेली गोधडी. पण दुपारपर्यंत एक कोपराही मोकळा राहिला नाही.

रविवारी तो माणूस आला. बांधावर उभा राहिला, हिरवं शेत बघितलं. मोजायला आलेल्यांनी टेप बाहेरच काढला नाही, कारण ते दोघं शेजारच्याच गावचे होते, रीत त्यांनाही ठाऊक होती. यांतो आईवर ओरडला, जेवला आणि निघून गेला. मग वातिनीला तो व्हॉइस मेसेज.

आज सकाळी आईचा पुन्हा फोन. पहाटे कोणीतरी येऊन पाटाचं तोंड बुजवून गेलंय, शेतात पाणी जास्त होत होतं म्हणून. चिखलातली पावलं यांतोची आहेत असं आईचं म्हणणं. वातिनीने यांतोला विचारलं नाही. “विचारलं तर नाही म्हणेल आणि पुढच्या वेळी येणार नाही,” म्हणाली.

आम्ही इथे गावाबद्दल बोलतो ते बहुतेक ‘होतं’मध्ये बोलतो. या मुलीने मला ‘आहे’ ऐकवलं. त्याबद्दल तिचे आभार.

भात तयार व्हायला साधारण साडेतीन महिने. कापणी झाली की शेत पुन्हा रिकामं होणार, तो माणूस पुन्हा येणार, यांतो पुन्हा विषय काढणार... हे सगळं धरूनच चाललंय. वातिनीचं इथलं काम त्याच्या आधी संपतंय. पुढच्या लावणीची रोपं ती स्वतः टाकणार आहे, कापणी पूर्ण व्हायच्या आत.