आष्टीची दुपार आणि उलटा बसवलेला पंखा

एप्रिलअखेरीस आष्टीला फिरायला कोणी जातं का? मी गेलो. दोन हजार तीनची गोष्ट. माझी मामेबहीण मीरा तिथे लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करून द्यायचं दुकान चालवायची. तिचा फोन आला, "दादा, दुपार झाली की कॉम्प्युटर आपोआप बंद पडून राह्यलाय. सासरे म्हनतेत, उद्याच्या पत्रिका निघाल्या न्हाईत तर मशीन विकून किराणा टाकू." म्हणजे ऐन लग्नसराईत मीरा पुन्हा घरात बसणार. मी पेचकस आणि ब्रश पिशवीत टाकून औरंगाबादहून पहाटेची एसटी पकडली.

जाणार असाल तर पहाटेच निघा आणि पाणी सोबत ठेवा. जालन्याच्या स्टँडवरच्या गरम भज्यांपायी परतूरची गाडी चुकवू नका. मी चुकवली. परतूरहून पुढे जीप. ड्रायव्हर "अजून दोघं बसतेत" म्हणत राहिला आणि खरंच दोघं बसले! रस्ता असा की आष्टी येईपर्यंत खाल्लेली भजी जिरून पुन्हा भूक लागली.

मीराचं दुकान पत्र्याचं. मागच्या खिडकीशी कॉम्प्युटर, त्याच्या डब्याची एक बाजू काढून ठेवलेली आणि समोर टेबलफॅन भरधाव. मीराचे सासरे, आण्णा, शेजारी बसून होते.

"पाव्हणे, आमच्यापेक्षा जास्त हवा याला देऊन राह्यलोत. तरी रुसतंय."

आत बघितलं तर प्रोसेसरवरच्या छोट्या पंख्यात धूळ आणि कापसाचा भुगा गच्च. जवळच कापसाचं जिनिंग होतं. मी सगळं झाडून मोठ्या ऐटीत मशीन चालू केलं. अर्ध्या तासात पुन्हा बंद. मीराचा चेहरा उतरला. आण्णांनी टेबलफॅन डब्याच्या आणखी जवळ सरकवला.

मशीन थोडं निवू दिलं. मग राजूरच्या गणपतीच्या फोटोपुढची उदबत्ती उचलली आणि मशीन लावून ती डब्याच्या पुढच्या पंख्याजवळ धरली. धूर आत गेला. बरोबर. मागच्या पंख्याजवळ धरली, तर तिथेही आतच!

"हा पंखा कोणी फिरवला?"

"मीच फिरवून घेतला," आण्णा छाती काढून म्हणाले. "खिडकी मागं हाय. कुलर खिडकीतून आतच हवा फेकतो ना?"

"आण्णा, कुलर लावल्यावर समोरची खिडकी बंद ठेवता का?"

"बंद कशाला? हवेला निघायला वाट नको?" आण्णा बोलता बोलता थांबले, कपाळाला हात लावला आणि खदखदून हसले. "आरं तिच्या! दोन्हीकडून आतच कोंबून राह्यलो की आपण!"

चार स्क्रू काढले, मागचा पंखा पालटला. डब्याची बाजू लावायला लागलो तर आण्णा पुन्हा घाबरले, "दार लावलं तर गुदमरंल की!" बाजू उघडी राहिली की हवा फुकट पसरते. बंद डब्यात ती पुढून शिरते, तापलेल्या भागांवरून फिरते आणि मागून बाहेर पडते. हे त्यांना चटकन पटलं, पण विश्वास बसला नाही.

दुपारी पत्रा करकरायला लागला. जेवायला घरी जायला कोणी तयार होईना, म्हणून पिठलं, भाकरी आणि ठेचा दुकानातच आला. असं झणझणीत पिठलं मी जन्मात खाल्लं नव्हतं. मीरा एका हाताने भाकरी खात टाइप करत होती. चार वाजले, मशीन चालूच. शेवटची पत्रिका छापून निघाली तेव्हा मीराला हसू आणि रडू एकदमच आलं. माझंही तेच झालं, खोटं कशाला बोलू.

घरी परतल्यावर चार दिवस अंग ठणकत होतं. त्या प्रवासातलं काय राहिलं म्हणाल तर पिठल्याची चव, आणि महिन्याभराने आलेला मीराचा फोन. दुकानाला तोवर पाटीच नव्हती. चालंल का न्हाई त्याचा भरोसा न्हाई, उगं खर्चा कशाला, असं आण्णांचं म्हणणं.

"दादा, आज पेंटर आल्ता," ती म्हणाली. "सासऱ्यांनीच बोलावला. मी म्हनलं, घराण्याचं नाव टाका. तर म्हनले, मशीन जिचं, नाव तिचं."