दही जैसलमेरपुरतंच होतं

‘आठ दिवस जैसलमेरला जाऊन येते’ असं घरी सांगून मी पाठीवर सॅक टाकून निघाले, हे तुम्हाला माहीतच आहे. पण वाळवंट बघून मन भरेना. म्हणून आता बस बदलत बदलत थेट नारळीच्या झाडांकडे, कन्याकुमारीला निघालेय. वाटेत आमचं नाशिक लागतं, तेच संकट! घरात पाय ठेवला की आई पुढे सोडणार नाही. म्हणून आज गुपचूप स्टँडवर बस बदलायची ठरवलं होतं.

आणि काल ते सगळं इथे ब्लॉगवर लिहून मोकळी झाले.

सकाळी स्टँडवर उतरते तर समोर आई! पंचवटीतून रिक्षा करून आलेली, हातात स्टीलचा डबा.

"आई, रागावू नकोस, मी सांगणारच..."

"हात पुढे कर."

केला. तिने तळहातावर चमचाभर दही घातलं, वर साखर.

"अगं, निघताना दिलं होतंस की!"

"ते जैसलमेरपुरतं होतं. एवढ्या लांब बिनदह्याची निघालीस, काही कळतं का तुला?"

मी तिथेच सगळ्यांसमोर तळहात चाटला. हसू आणि रडू एकदमच आलं. तेवढ्यात पुण्याची बस लागली. वाकून नमस्कार केला, तर आई डब्याचं झाकण हातातच धरून म्हणाली, "त्याच्याही पुढे कुठे जायचं असेल तर आत्ताच सांग. दही शिल्लक आहे."

मंडळी, तुमच्यापैकी चुगली कोणी केली ते विचारत नाही. कन्याकुमारीच्या पुढे कुठे जाऊ, तेवढं सांगा!